मालिकेतल्या जोडीचे एडिट यूट्यूबवर टाकते, आता कॉपीराइट क्लेम आलाय. चॅनल बंद होईल का? आणि असे व्हिडिओ बघणारेही अडकतात का?

क्लेममुळे चॅनल बंद होत नाही. बंद होतं ते स्ट्राइकमुळे.

क्लेम बहुतेक वेळा कंटेंट आयडी ही यंत्रणा आपोआप लावते. मग हक्कदार ठरवतो: जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवायचे, नुसते बघणाऱ्यांचे आकडे पाहायचे, की व्हिडिओ ब्लॉक करायचा. स्ट्राइक येतो तो हक्कदाराने व्हिडिओ काढण्याची रीतसर मागणी केल्यावर. ९० दिवसांत ३ स्ट्राइक झाले की चॅनल जाऊ शकतं. स्ट्राइक आल्यावर घाबरून व्हिडिओ डिलीट केला तरी तो स्ट्राइक पुसला जात नाही.

आधी यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायच्या पानावर) जाऊन क्लेमचा तपशील उघडा. नेमक्या कुठल्या मिनिट-सेकंदाला काय पकडलंय ते तिथे दिसतं. एडिटमध्ये बरेचदा दृश्यांपेक्षा मागे लावलेलं गाणं सापडतं, कारण दृश्यं वाहिनीची आणि गाणं म्युझिक कंपनीचं. एकाच व्हिडिओवर दोन क्लेमही येतात. गाण्याचाच क्लेम असेल तर तिथल्या तिथे तेवढा भाग कापता येतो, गाणं पुसता येतं किंवा यूट्यूबच्या लायब्ररीतलं दुसरं लावता येतं. गाणं पुसताना संवाद शाबूत राहतील असं यूट्यूब म्हणतं खरं, पण आवाज गाण्यात मिसळलेला असेल तर संवादही खरवडले जातात. शॉर्ट असेल तर लांबी बघा: १ मिनिटापेक्षा मोठ्या शॉर्टवर क्लेम असला की तो सरळ ब्लॉक होतो.

‘डिस्प्यूट’चं, म्हणजे क्लेमवर हरकत घ्यायचं बटण रागाच्या भरात दाबू नका. हक्कदाराला उत्तराला ३० दिवस मिळतात. त्याने नाकारलं आणि तुम्ही अपील केलं, तर ७ दिवसांत तो व्हिडिओ काढायची मागणी करू शकतो, आणि साध्या क्लेमचा स्ट्राइक होतो. बाजू भक्कम असेल तरच पुढे जा. चॅनलवर कमाई चालू असेल तर ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट करा, म्हणजे क्लेमच्या दिवसापासूनचे पैसे राखून ठेवले जातात.

बाजू भक्कम कधी? लोक ‘फेअर यूज’ लिहून मोकळे होतात, पण परवानगीविना मर्यादित वापराची मुभा देणारी ती अमेरिकी कायद्यातली तरतूद. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ आहे आणि ते बरंच अरुंद आहे. त्यातले तुमच्या कामाचे अपवाद म्हणजे खासगी वापर, समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. प्रसंग थांबवून, त्यावर बोलून, पटकथा कुठे फसली ते दाखवलंत तर ती समीक्षा. नुसती दृश्यं गाण्यावर जोडलीत तर माझ्या मते ती यात बसत नाहीत, मग एडिट कितीही देखणं असो. ‘१० सेकंद चालतात’ असा नियम कुठेच नाही, आणि वर्णनात ‘हक्क मूळ मालकाचे’ लिहून काहीही साधत नाही.

क्लिप आणली कुठून, हेही महत्त्वाचं. ओटीटीवर स्क्रीन रेकॉर्ड करताना काळा पडदा येतो तो कॉपी रोखणाऱ्या डिजिटल कुलपामुळे. हक्कभंगासाठी ते कुलूप फोडलं तर कलम ६५अ लागतं, २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. एडिटसाठी वाहिनीने स्वतः टाकलेले प्रोमो वापरलेत तर निदान ही भानगड टळते. क्लेम मात्र टळेलच असं नाही.

बघणाऱ्यांचं म्हणाल, तर नुसतं बघितल्याबद्दल शिक्षा सांगणारं वेगळं कलम आपल्या कायद्यात नाही. कलम ६३ जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्याला लागतं: ६ महिने ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. व्यापारी फायदा नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. तेव्हा मैत्रिणीने तुमचं एडिट पाहिलं तर काही नाही. अख्खा भाग टेलिग्रामच्या ग्रुपवर चढवणारा मात्र यात येतो. थिएटरात मोबाइलवर सिनेमा टिपणं तर याहून वाईट, सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीनंतर किमान ३ महिने कैद आणि ३ लाख दंड.

निर्धास्त एडिट करायचं असेल तर जुने सिनेमे बघा. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ मूकपट असल्याने गाण्यांचाही प्रश्न नाही. मात्र कुणी त्यावर नव्याने पार्श्वसंगीत चढवलं असेल तर त्या संगीताचा हक्क त्याचा, म्हणून आवाज काढूनच वापरा. आणि तरीही दृश्यांवर क्लेम आला, तर तिथे ‘पब्लिक डोमेन’ (हक्काची मुदत संपलेली) हे कारण निवडून बेधडक डिस्प्यूट करा.