तुम्ही फोटो टाकून विचारलंय: आजोबांच्या पेटीत चौकोनी भोकाचं चिनी नाणं सापडलं. पिवळट आहे, कडेला ओरखडे आहेत. खोटं असेल का? किंमत किती येईल?

पिवळट म्हणून खोटं, हे मी १९९८ साली चारचौघांत ऐकलंय, म्हणून लिहितोय.

माझे पणजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. हाँगकाँगहून त्यांनी आणलेली सात नाणी आजीने सुतळीत ओवून देव्हाऱ्यात ठेवली होती. अकरावीत असताना मी ती पुण्यात एका नाणे प्रदर्शनात घेऊन गेलो. टेबलामागच्या जाणकारांनी भिंगसुद्धा न उचलता सांगितलं, "चिनी नाणं तांब्याचं असतं. हे पितळ आहे, तेही ओतीव. शोभेची वस्तू." भोवतीचे लोक हसले. घरी येऊन मी तसंच आजीला सांगितलं. तिने काही न बोलता माळ देव्हाऱ्यातून काढून ट्रंकेत टाकली. ते मला अजून बोचतं, कारण ते गृहस्थ साफ चुकले होते.

चिंग काळातलं, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातलं, साधं नाणं छापत नसत, ओततच. वाळूच्या साच्यात, झाडाच्या फांद्यांना पानं असावीत तशी एकदम अनेक. मग ती तोडून चौकोनी सळईवर ओवायची आणि कडा कानशीने घासायच्या. भोक चौकोनी असल्याने घासताना नाणं सळईवर गरगरत नाही. तुमचे ओरखडे तेच असणार. आणि १७४० मध्ये छ्येनलुंग बादशहाच्या काळात ठरलेलं मिश्रण बघा: तांबं ५० टक्के, जस्त ४१.५, शिसं ६.५, कथील २. म्हणजे पितळच. कथील कशाला, तर नाणं ठिसूळ व्हावं, लोकांनी वितळवून भांडी करू नयेत. बिनभोकाची, यंत्रावर छापलेली तांब्याची नाणी दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतात १९०० साली निघाली. एवढंही ठाऊक नसताना पोराला हसू नये.

किमतीचं म्हणाल तर तुमच्या फोटोत 'छ्येनलुंग थुंगपाओ' (छ्येनलुंगचं चलनी नाणं) ही चार अक्षरं दिसतात. ती अब्जावधींनी ओतली गेली, त्यामुळे फार मिळणार नाही. विकू नका. मागे मांचू लिपीत टांकसाळीचं नाव असतं, ते मात्र नीट बघा, काही टांकसाळींची नाणी दुर्मिळ आहेत.

हो, नकली नाणीही ढिगाने आहेत, फेंगशुईच्या दुकानांत किलोने मिळतात. तेव्हा आधी वजन करा. सरकारी वजन सुमारे साडेचार ग्रॅम होतं, वापरातलं थोडं हलकं भरतं. चिंचेने घासू नका. आणि कुणी पितळ म्हणून हसलंच, तर भोक चौकोनी का, ते आधी त्यांना सांगायला लावा.