भावाला मेडिकल बोर्डाने १५-१९ टक्केच अपंगत्व दिलं, आता अपील करून फायदा आहे का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मोठे भाऊ पायदळातून २०२२ मध्ये २२ वर्षांची नोकरी पूर्ण करून नायक म्हणून घरी आले. ड्युटीवर पडल्यापासून कमरेची गादी सरकलेली आहे. रिलीज मेडिकल बोर्डाने (नोकरी सोडताना तपासणी करणारं डॉक्टरांचं मंडळ) १५-१९ टक्के लिहिलं, वर 'सेवेमुळे नाही आणि सेवेने वाढलेलंही नाही' असा शेरा मारला आणि त्यावरून डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली गेली. चोपड्यातले ओळखीचे फौजी म्हणतात, मुदत गेली, आता नाद सोडा.

नाद सोडू नका. मी चाळीसगाव तालुक्यातला, तोफखान्यात २४ वर्षं काढून २०१४ ला हवालदार म्हणून रिटायर झालो. मलाही नेमके १५-१९ च मिळाले होते. तुमच्या भावाची कंबर, माझे कान.

आधी हा आकडा एवढा महत्त्वाचा का, ते समजून घ्या. नियमाप्रमाणे २० टक्क्यांच्या खाली पेन्शनमधला डिसॅबिलिटीचा हिस्सा मिळत नाही. २० झाले की मात्र राउंडिंग लागतं: ५० च्या खालचं सगळं ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५ आणि त्यापुढे १००. सरकार आधी हे फक्त आजारपणामुळे मुदतीआधी काढलेल्यांना द्यायचं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या खटल्यात मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही ते लागू केलं. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराचे ३० टक्के, बाकी त्या प्रमाणात. म्हणजे पेन्शनसाठी धरलेला पगार ४०,००० असेल तर ५० टक्क्यांचे महिन्याला ६,००० होतात, वर महागाई भत्ता वेगळा. १९ ला शून्य आणि २० ला सहा हजार. बोर्डातल्या डॉक्टरने पेन कुठे थांबवलं, एवढ्यावर हे ठरतं.

गावाकडे व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो की २० पेक्षा कमी असेल तरी कोर्ट थेट ५० देतं. अर्धवट आहे ते. २०१४ चा सुखविंदर सिंग निकाल आजारपणामुळे नोकरीतून काढलेल्यांसाठी आहे. त्यात २० पेक्षा कमी असलं तरी २० धरायचं आणि वर ५० करायचं, असं आहे. तुमचे भाऊ मुदत संपवून आलेत. त्यांच्यासारख्यांना २० च्या खाली राउंडिंग नाही, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये विंग कमांडर राठोड यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. म्हणून नुसतं 'राउंडिंग द्या' असा अर्ज केलात तर तो पडेल. तुम्हाला तो १५-१९ चा आकडाच चुकीचा आहे, असं म्हणावं लागेल आणि त्यासाठी पुन्हा मेडिकल बोर्ड मागावं लागेल.

माझं बोर्ड कसं झालं ते सांगतो. खोलीत डॉक्टरकडे पाठ करून उभं केलं, साधारण सहा मीटर अंतरावर. डॉक्टर मागून हळू आवाजात आकडे बोलणार, मी ते म्हणून दाखवायचे. वर पंखा घरघरत होता. मला आवाज आल्याचं कळायचं, आकडा कळायचा नाही. पण २४ वर्षांची सवय, साहेबाला 'कळलं नाही सर' म्हणायला जीभ वळत नव्हती. मी अंदाजाने 'बावीस सर', 'सत्तर सर' ठोकत गेलो आणि त्यातले काही बरोबर निघाले. घरी आल्यावर माय मागून हाक मारायची, मी पुढे चालतच राहायचो, मग ती ओरडायची, "आयकू येस का नई तुले?" आजही विहिरीवरची मोटर चालू झाली की नाही हे मी पाइपावर हात ठेवून बघतो. बोर्डात मात्र मी शहाणपणाने स्वतःचेच टक्के कमी करून घेतले. भावाला पुन्हा बोर्ड मिळालं तर एवढं बजावा: वाकता येत नसेल तर दात-ओठ खाऊन वाकून दाखवायचं नाही.

पहिलं अपील मी चार पानी लिहिलं. देशसेवा, थंडी, वाळवंट, पोरांचं शिक्षण, सगळं त्यात होतं. उत्तर आलं मोजून काही ओळींचं: त्रास पीस स्टेशनला (सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर) सुरू झाला, सेवेशी संबंध दिसत नाही. तेव्हा राग आला होता. नंतर कळलं की त्या चार पानांत त्यांना बघण्यासारखा एकही कागद मी लावला नव्हता.

मग कागद मागवले, आणि तुम्हीही पहिलं काम तेच करा. भावाच्या रेकॉर्ड ऑफिसला (नोकरीचे कागद सांभाळणारं फौजेचं कार्यालय) माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. मागा काय, तर रिलीज बोर्डाची पूर्ण प्रत (एएफएमएसएफ-१६), भरतीच्या वेळचा मेडिकल, मधल्या काळात मेडिकल कॅटेगरी खाली आली असेल तर तेव्हाच्या बोर्डाचे कागद, हॉस्पिटलात ॲडमिट होते त्याचे डिस्चार्ज पेपर आणि कुठल्या वर्षी कुठे पोस्टिंग होतं त्याचा तक्ता. तुमच्या केसमध्ये आणखी एक कागद लाखमोलाचा: इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६ नंबरचा फॉर्म. ड्युटीवर पडले होते तर युनिटने तो भरलेला असायला हवा. भाऊ म्हणतील 'भरला होता बहुतेक'. बहुतेकवर जाऊ नका, प्रत मागा.

माझ्या फायलीतून निघालं ते २००९ चं बोर्ड. त्या साली कानामुळे माझी शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीची, कॅटेगरी गेली होती आणि सोबत ऑडिओमेट्रीचा (कान मशीनवर तपासल्याचा) आलेख होता. ४००० हर्ट्झजवळ रेघ खड्ड्यासारखी खाली गेलेली. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ती खूण असते, वयाने आलेल्या बहिरेपणात तो खड्डा तसा दिसत नाही. पोस्टिंगच्या तक्त्यात त्या वर्षी मी पीस स्टेशनला होतो हे खरं, पण त्याच वर्षी राजस्थानातल्या महाजन रेंजवर तोफांच्या फायरिंगला गेलो होतो. पीस स्टेशनच्या पलटणीची बोफोर्स काही हळू वाजत नाही. दुसऱ्या अपिलात मी एवढंच लिहिलं, दीड पान.

कायद्याचा मुख्य आधार म्हणजे २०१३ चा धरमवीर सिंग निकाल. भरतीच्या वेळी तुमच्या मेडिकलवर आजाराची नोंद नसेल तर तुम्ही धडधाकट होतात असं धरायचं. पुढे जे झालं ते सेवेमुळे नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. आणि बोर्डाने कारण लिहायला हवं, नुसता शेरा चालत नाही. भावाच्या एएफएमएसएफ-१६ मध्ये कारणाचा रकाना आधी वाचा. तिथे छापील वाक्य असेल आणि इंज्युरी रिपोर्टचा उल्लेखच नसेल, तर तेच तुमचं अपील. सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम आलेत, पण भाऊ त्याआधी बाहेर पडल्यामुळे त्यांना जुनेच लागतात.

मुदतीचं म्हणाल तर पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं, ते उलटलंय. तरी उशिराचं कारण लिहून अपील पाठवा. पेन्शन न मिळणं हे दर महिन्याला नव्याने होणारं नुकसान आहे, असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात मानलंय, त्यामुळे उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. मात्र थकबाकी साधारण केस दाखल केल्याच्या मागच्या तीन वर्षांचीच मिळते. तीन वर्षं उलटली असतील तर तुम्ही थांबाल तेवढे महिने मागून गळत जातील. अपिलावर सहा महिन्यांत निकाल आला नाही तर थेट आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलच्या (फौजेतल्या नोकरी-पेन्शनचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) मुंबई खंडपीठात जाता येतं.

मी ट्रायब्युनललाच गेलो. रात्रीच्या गाडीने चाळीसगावहून मुंबई, तारखेला तारीख, स्टेशनवर सोबत आणलेली भाकर-चटणी. शेवटी त्यांनी नवं बोर्ड बसवायला सांगितलं. या वेळी जे ऐकू आलं नाही त्याला 'नाही' म्हटलं. ३० टक्के, कायमचं, सेवेमुळे. राउंडिंगने ५०.

वकिलाबद्दल एक सांगतो. मला एकाने थकबाकीतले २५ टक्के मागितले होते. निकालावर हिस्सा ठरवणं वकिलांच्या स्वतःच्या नियमातच बसत नाही. ठरलेली फी घेणारे भेटतात. जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन या, तालुक्याला येणारे कल्याण संघटक असतात त्यांना गाठा. अर्ज पुढे पाठवायला त्यांची मदत होते.

आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या ४० टक्क्यांच्या दाखल्यावर भिस्त ठेवू नका. तो एसटीच्या सवलतीला कामाचा, फौजेचं मोजमाप वेगळं. एमआरआयचा ताजा रिपोर्ट मात्र पुन्हा बोर्ड मागताना जरूर जोडा.

भाऊ नेमके कधी, कुठल्या कामावर असताना पडले आणि त्यानंतर किती दिवस ॲडमिट होते, हे त्यांना विचारून इथेच खाली लिहा. अपिलाचा पहिला परिच्छेद त्याच तारखेपासून सुरू करायचाय.