चौथा विषय

प्रिय बाये,

तुझी चिठ्ठी तुझ्या आईनं आणून दिली. दहावी झाली, सायन्सला जायचं ठरलं, फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी हे तीन नक्की. अडलंय ते चौथ्यापाशी: गणित ठेवू की सोडून सायकॉलॉजी घेऊ? बाबा म्हणतात, 'नीट'च (मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यायची तर गणिताचं ओझं कशाला. आतेभाऊ म्हणतो, चारही घेतलेस तर दोन वर्षं मान वर काढायला मिळणार नाही. आई म्हणते, सरांना विचार. तिला मी शिकवलंय, म्हणून तिचा हा भरवसा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. निदान अकरावीभर गणित सोडू नकोस. आता कारणं सांगतो, आणि हे मत कुठं लागू पडत नाही तेही सांगतो.

हा विषय घेतला तर पुढं काय मिळेल, असं सगळेच विचारतात. मी मुलांना उलटं विचारायला लावतो: हा सोडला तर काय हातचं जाईल, आणि गेलेलं परत आणायला किती सायास पडतील? या कसोटीवर बायोलॉजी आणि गणित सारखे नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सूचना काढली, की बारावी झाल्यावर बायोलॉजी जादा विषय म्हणून दिलेला विद्यार्थीही नीटला बसू शकतो. म्हणजे बायोलॉजी सुटलं तरी परतायची वाट आहे. कागदोपत्री गणितही नंतर जादा विषय म्हणून देता येतं, पण ते एकट्यानं उचलणं फार जड जातं. बायोलॉजीतला पेशींचा धडा राहून गेला तरी वनस्पतींचा धडा वाचता येतो. गणितात तसं जमत नाही. त्रिकोणमिती कच्ची राहिली की पुढचं सगळं लंगडतं, आणि दोन वर्षांचा खंड पडल्यावर पहिल्या पायरीपासून परत चढायची उमेद फार थोड्यांत उरते.

इंजिनिअरिंगला आणि आर्किटेक्चरला गणित लागतं हे तुला ठाऊकच असेल. मर्चंट नेव्हीत ऑफिसर व्हायचं तर आयएमयूच्या (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या) प्रवेशाला बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हवं. तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, घरांतली मुलंसुद्धा हे कधीकधी बारावीचा निकाल हातात आल्यावर विचारायला येतात. एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) नौदलात किंवा हवाईदलात जायचं तरी गणित हवं. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला गणित लागतं, ही गोष्ट तर सायन्सवाल्यांच्या गावीही नसते. तुला यातलं काहीच करायचं नाही, असं तू लिहिलंस. बरं. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी आपल्याला काय नको ते इतकं खात्रीनं सांगणाऱ्या मुलांवर माझा फारसा विश्वास नाही, रागावू नकोस.

यापेक्षा मोठं कारण तुझ्या लाडक्या विषयांतच आहे. अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक उघडून बघ. सरळ रेषेतल्या गतीच्या धड्यातच डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर काढायचं गणित, येतं. गणिताच्या वर्गात तो धडा यायला वर्षाचा शेवट उजाडतो, म्हणून जून-जुलैत सगळ्यांचीच दमछाक होते. फरक पुढं पडतो. गणित घेतलेल्या मुलांना ते नंतर नीट उलगडतं. सोडलेल्यांना फिजिक्सच्या शिक्षकांनी घाईघाईत फळ्यावर लिहिलेल्या चार सूत्रांवर दोन वर्षं काढावी लागतात. केमिस्ट्रीत पीएच (आम्लता मोजायचं माप) आला की लॉगॅरिदम आलंच. बारावीच्या बायोलॉजीत समूहातल्या जनुकांच्या प्रमाणाचा हार्डी-वाइनबर्गचा नियम येतो, तो म्हणजे (p+q)चा वर्ग, तू आठवीत पाठ केलेलाच.

आणि नीट? पेपर १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा. त्यात बायोलॉजीचे ९०. उरलेले निम्मे फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे, आणि कॅल्क्युलेटर नेऊ देत नाहीत. बायोलॉजी आवडतं म्हणून नीट सोपी जाईल असं समजणारी हुशार मुलं अडतात ती फिजिक्सच्या ४५ प्रश्नांत. गणित सोडून वाचलेला वेळ तिथंच परत भरावा लागतो.

तुमच्या कुळागराचंच, म्हणजे सुपारीच्या बागेचंच, घे. माडीला, म्हणजे पोफळीला, फळं कुजवणारा कोळेरोग लागू नये म्हणून पावसाआधी आजोबा बोर्डो मिश्रण मारून घेतात, पाऊस उघडीप देतो तेव्हा पुन्हा. १ टक्क्याचं मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या पाण्यात, चुना वेगळ्या पाण्यात, मग दोन्ही एकत्र. नंतर त्यात लोखंडी कोयता बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं उरलंय, आणखी चुना हवा. दहावीत शिकलेली विस्थापनाची अभिक्रिया ती हीच: लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं. रोग फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवाचा, तो पावसाळी ओलाव्यात का फोफावतो हे बायोलॉजी. थर का चढतो ही केमिस्ट्री. चुना जुना निघाला, टाकी साठ लिटरचीच मिळाली, मग किती घालायचं, हे गणित. कोयता पाण्यात बुडवणाऱ्याला यातलं कुठलं कुठल्या विषयाचं याची फिकीर नसते. वेळापत्रक आखणाऱ्यांना असते.

डॉक्टर व्हायचं असं तू लिहिलंस, पण का ते लिहिलं नाहीस. तू गोव्यातल्या सत्तरी तालुक्याची, म्हणून माकडतापाचं उदाहरण देतो. २०१५ मध्ये पाळी गावात त्याची साथ आली, ती घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. काजू गोळा करायला रानात जाणाऱ्या माणसांना रानातल्या गोचिडी चावत होत्या. आजार विषाणूचा, तो कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरपर्यंत पेशंट पोचतो तेव्हा गोष्ट निम्मी होऊन गेलेली असते. मेलेलं माकड कुठं सापडलं ते वनखातं कळवतं, गोचिडी गोळा करून कीटकतज्ज्ञ त्या ओळखतात, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत विषाणूतज्ज्ञ तपासतात, आणि कुठल्या वाड्यावर कितीजण आजारी पडले याची आकडेवारी मांडून साथ कुठं सरकतेय ते सांगणाराही कुणीतरी लागतो. यातलं तुला नेमकं कोणतं काम करावंसं वाटतं? उत्तर डॉक्टरच असेल तर उत्तमच. पण आधी प्रश्न तरी विचार.

बाकी कामंही इथंच आहेत, त्यासाठी मुंबई-पुण्याकडे डोळे लावायला नकोत. दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. तिथं जाळ्यात आलेले प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, मग घनमीटर पाण्यात किती ते काढायचं, हे बायोलॉजीवाल्यांचं रोजचं काम, आणि ते सगळं आकडेमोडीचं. वास्कोला सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही ठाणी तिथूनच चालतात. जुन्या गोव्यात शेती संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. शाळेची सहल एखाद्या बीचवर नेण्याऐवजी इथं नेली असती तर मला हे पत्र एवढं लांबवावं लागलं नसतं.

जाता जाता: चौथा विषय म्हणून काही हायर सेकंडरींत जिऑलॉजी मिळतं. डिचोली-सत्तरीच्या मुलांनी लोहखनिजाच्या खाणींची राजकारणातली बाजू उदंड ऐकलीय, पण जांभा कसा तयार होतो, खनिज त्याच्याखाली का सापडतं, हे विचारलं तर गप्प. गोव्यात हा विषय इतका कमी मुलं घेतात याचं मला नेहमी नवल वाटतं. तुझ्यासाठी तो गणिताला पर्याय नव्हे, एवढंच.

आता शाळेबद्दल. वाळपईत राहून शिकायचं की रोज फोंड्याला जायचं, हे ठरवताना निकालाची टक्केवारी विचारू नकोस. ती दारावरच्या बॅनरवर असतेच. प्रयोगशाळेत जा, आणि मुख्याध्यापकांऐवजी लॅब अटेंडंटना विचार: मागच्या वर्षी अकरावीच्या मुलांनी टायट्रेशन (थेंब थेंब घालून द्रावणाची तीव्रता मोजायचा प्रयोग) स्वतः केलं की लांबून बघितलं? त्यासाठीच्या ब्यूरेट (मापाच्या उभ्या नळ्या) किती, मुलं किती? खोटं बोलायचं त्यांना काही कारण नसतं. क्लासवाले तुला 'डमी' प्रवेशाबद्दल सांगतील: नाव एका शाळेत, बसणं क्लासमध्ये. प्रयोगवहीत दुसऱ्याचे आकडे उतरवून बारावी झालेली मुलं मी पाहिली आहेत. ती कॉलेजात पहिल्या वर्षी पिपेट कसा धरायचा ते विचारतात, आणि लाजत विचारतात. तसल्या फंदात पडू नकोस. बसच्या प्रवासाचाही हिशेब कर. सकाळी सहाला निघून संध्याकाळी सातला घरी पोचणारी मुलगी चार विषय काय, दोनही धड करणार नाही.

माझं मत कुठं लागू नाही, ते सांगायचं राहिलं. नर्सिंगलाच जायचं हे तुझं मनापासून ठरलं असेल, तर गणित नसल्यानं काही बिघडत नाही. बी.फार्मला गणित किंवा बायोलॉजी यांपैकी एक चालतं. आणि गणिताच्या नुसत्या नावानं पोटात गोळा येत असेल, झोप उडत असेल, तर सोड, कुणाचं ऐकू नकोस, माझंही नाही. पण दहावीच्या एका पेपरात गुण कमी पडले म्हणून घाबरली असशील, तर ती गोष्ट निराळी. उत्तरपत्रिका असेल तर घेऊन ये. चुका बेरजेच्या आहेत की समजुतीच्या, ते दोघं मिळून बघू. बेरजेच्या असतील तर महिनाभरात सुटतील.

फॉर्म भरण्याआधी शाळेत एवढं विचारून घे, की विषय बदलायची मुभा कधीपर्यंत असते आणि ती लेखी देतात का. चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) बदलता येत असेल तर गणित बिनधास्त लिही, आणि जून ते चवथ एवढे दिवस बघ. मुदत त्याहून कमी असेल तर मला लगेच कळव, मी तिथल्या सरांशी बोलेन. रविवार सोडून संध्याकाळी सातनंतर फोन कर, त्याआधी मी बागेत असतो आणि फोन घरात.

तुझ्या आईचे सर