काट्यावरचा पासवर्ड वेगळा, सर्व्हरवरचा वेगळा

प्रश्न: जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये मी कॉम्प्युटरचं सगळं बघतो. ९० मशीन, विंडोज सर्व्हरवर डोमेन (सगळी मशीन आणि लॉगिन एका जागेवरून सांभाळायची सोय). ऑडिटवाल्याच्या सांगण्यावरून मालकांनी सगळ्यांना एकच नियम लावायला सांगितला, १२ अक्षरं, ३० दिवसांनी बदल, ३ चुकांत लॉक. आता वजनकाट्यावरच्या माणसाचा रोज सकाळी फोन, "भाऊ, मना पासवर्ड लेत नही", आणि बाहेर तुरीच्या गाड्यांची लाइन. म्हणून मी काट्यावरच्या पोरांची वेगळी ओयू (डोमेनमधलं युजर-मशीनचं फोल्डर) केली, तिला वेगळी ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून लावायचे नियम) लावली, लांबी ८ केली, जीपीअपडेट (नवे नियम लगेच ओढायची कमांड) मारलं, रीस्टार्ट मारलं, तरी १२च मागतं. काय चुकतंय? – एक वाचक, जळगाव

उत्तर: भाऊ, तुमचं एकट्याचं नाही, हे निम्म्या लोकांचं चुकतं, कारण बाकी सगळ्या पॉलिसी ओयूला लावल्या की लागतात आणि पासवर्डचीच तेवढी लागत नाही. ओयूवर लावलेली पासवर्ड पॉलिसी त्या ओयूतल्या मशीनच्या लोकल अकाउंटला, म्हणजे त्या मशीनपुरत्या लॉगिनला लागते. डोमेनच्या युजरचा पासवर्ड तपासतो डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर, आणि तो बघतो डोमेनला लावलेली पॉलिसी. मग तुम्ही शंभर वेळा जीपीअपडेट मारा.

सर्व्हर २००३ पर्यंत तर एका डोमेनला एकच पासवर्ड पॉलिसी होती, वेगळी पाहिजे तर डोमेनच वेगळं करा. सर्व्हर २००८ मध्ये फाइन ग्रेन्ड पासवर्ड पॉलिसी आली, म्हणजे एकाच डोमेनमध्ये वेगवेगळ्या लोकांना वेगळे नियम, पण ती एडीएसआय एडिट या डोमेनचा डेटाबेस थेट बदलायच्या टूलमध्ये हाताने भरायला लागायची, त्यामुळे कुणी नादी लागत नसे. २०१२ पासून ॲक्टिव्ह डिरेक्टरी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटर या डोमेन सांभाळायच्या टूलमध्ये सरळ फॉर्म आहे. डोमेन उघडा, सिस्टीम, त्यात पासवर्ड सेटिंग्ज कंटेनर, न्यू, पासवर्ड सेटिंग्ज. याला पीएसओ, म्हणजे पासवर्ड सेटिंग्ज ऑब्जेक्ट म्हणतात. डोमेनची फंक्शनल लेव्हल (ते कुठल्या सर्व्हर आवृत्तीच्या सोयी वापरतं ती पातळी) २००८ किंवा वरची पाहिजे, एवढीच अट.

आता मेख. पीएसओ ओयूला लागतच नाही, एक तर युजरला लागतो नाहीतर ग्लोबल सिक्युरिटी ग्रुपला. म्हणजे 'काटा' नावाचा ग्रुप करा, पोरं त्यात टाका आणि फॉर्मच्या खालच्या भागात तो ग्रुप ॲड करा. उद्या काट्यावरचा माणूस गोडाऊनला गेला तर नुसती ओयू बदलून चालणार नाही, ग्रुपमधून पण काढायला लागेल, हे लोक हमखास विसरतात. एक माणूस दोन ग्रुपमध्ये असेल तर दोन्हींची खिचडी होत नाही, ज्याचा प्रिसिडन्स (अग्रक्रम) आकडा लहान तोच पूर्ण लागतो, आणि थेट युजरला लावलेला असेल तर तो सगळ्यांवर भारी. म्हणून ॲडमिनच्या पीएसओला १० द्या, ऑफिसला २०, काट्याला ३०, मधे जागा ठेवा, पुढेमागे लागते.

पण खरं सांगू का, काट्यावर ८ करणं मला पटत नाही. तुमचा त्रास लांबीचा नाहीच, तो ३० दिवसांचा आणि ३ चुकांचा आहे. दर महिन्याला बदलायला लावलं की माणूस मे@२०२५ चा जून@२०२५ करतो, नियमात बसतो आणि कीबोर्ड उलटा केला की खाली चिठ्ठी चिकटवलेली असते, ती पण तुमच्याच स्टोअरमधल्या सेलोटेपने. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की ठरावीक दिवसांनी सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा संशय आला तर बदला, आणि मायक्रोसॉफ्टने पण २०१९ मध्ये आपल्या बेसलाइनमधून (शिफारस केलेल्या सुरक्षा सेटिंगच्या यादीतून) एक्स्पायरी, म्हणजे पासवर्डची मुदत काढून टाकली. ऑडिटवाल्यासमोर हे दोन कागद ठेवा. काट्याला १२च ठेवा, पण चार साधे शब्द जोडायला शिकवा, वांगं भरीत कळणा भाकरी टाइप, इंग्रजी अक्षरांत, पहिलं अक्षर कॅपिटल आणि मधे एक आकडा (हेच वापरू नका, आता ते छापून आलंय). एक्स्पायरी काढा, लॉक १० चुकांवर, १५ मिनिटांनी आपोआप उघडेल असा. ॲडमिनला मात्र १५ च्या वर, आणि त्यांचं रोजचं अकाउंट वेगळं, ॲडमिनचं वेगळं. पीएसओमध्ये लॉकचे आकडे पण भरा, ते डोमेनच्या पॉलिसीतून येतील या भरवशावर राहू नका, पीएसओ लागला की सगळं त्यातूनच येतं. आणि काट्यावर तिन्ही शिफ्टला मिळून एकच लॉगिन असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर कुणी कुठली पावती फाडली ते कधीच कळणार नाही.

एक धडा मी स्वतः खाल्लाय. धुळ्याला एका ऑफिसात मी भर सोमवारी सकाळी मुदत ९० वरून ४५ वर आणली, मला वाटलं आजपासून मोजेल. तसं नसतं, ती शेवटच्या बदलाच्या तारखेपासून मोजते, त्यामुळे ज्यांचे ४५ उलटले होते त्या सगळ्यांचे पासवर्ड एका दमात संपले आणि साडेदहाला माझा फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. लांबीचं उलटं आहे, वाढवली तरी जुना पासवर्ड चालत राहतो, पुढच्या बदलालाच नवी अट लागते.

पीएसओ लागला की नाही ते बघायला त्याच ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटरमध्ये युजरवर राइट क्लिक करून रिझल्टंट पासवर्ड सेटिंग्ज बघा. काहीच दाखवत नसेल तर तो अजून डोमेनच्याच पॉलिसीत आहे, बहुतेक ग्रुपचा स्कोप (ग्रुप करताना निवडायचा आवाका) ग्लोबल नाही, डोमेन लोकल झालाय.

प्रश्न: आमच्या शाळेत २० कॉम्प्युटर, सर्व्हर नाही. शिक्षकांना कडक आणि मुलांना सोपा पासवर्ड असं होईल का? – एक शिक्षिका, नंदुरबार

उत्तर: नाही ताई, डोमेनशिवाय एका मशीनवर सगळ्यांना एकच पॉलिसी. विंडोज प्रो असेल तर लोकल सिक्युरिटी पॉलिसीत ती लावता येते, होममध्ये ती खिडकीच नसते. पण तुमचं काम बिनपॉलिसीचं होतंय. मुलांसाठी एक साधं अकाउंट करा, ॲडमिनचे हक्क अजिबात नाही, आणि प्रोमध्ये त्याला 'युजरला पासवर्ड बदलता येणार नाही' ही टिक मारा, नाहीतर एक पोरगं बदलून घरी जातं आणि उरलेला वर्ग बाहेर उभा. तुमचा स्वतःचा लांब ठेवा, आणि टाकताना मागे कोण उभंय ते बघा.