नाशिकहून जोडीने लांब फिरायला बुलेटपेक्षा हलकी, दोघांनाही आरामाची बाइक कोणती?

सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स घ्या. वजन 167 किलो. बुलेट 350 भरते 195. कसारा घाटात जाम लागला किंवा सप्तशृंगीच्या पायथ्याशी उतारावरून गाडी मागे ओढायची वेळ आली की हा फरक हाताला कळतो. हँडल उंच, म्हणून पाठ सरळ राहते. मागची सीटही ऐसपैस. फक्त मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहे तसा ठेवू नका. त्याची स्प्रिंग कमी-जास्त कडक करायला 7 टप्पे आहेत. दोघं आणि बॅगा असताना दोन-तीन टप्पे कडक करा, नाहीतर मागची बाजू दबते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि खड्ड्यात दणका बसतो तो मागच्याच्या कमरेला. अडचण सीटच्या उंचीची: 835 मिमी. पाय नीट टेकत नसतील तर होंडा हायनेस सीबी350 बघा, 181 किलो, सीट 800 मिमी. ट्रायल मात्र दोघांनी बसूनच घ्या, त्र्यंबक रोडला निदान अर्धा तास.