बाणातला ण, नळातला न

चि. मीरा,

तू विचारलंस : ‘मी पानी म्हटलं की आजी म्हणते, किती गोड! भांडीवाल्या मावशी पानी म्हणाल्या की दादा हसतो. दोघींचं सेमच ना?’

सेमच. तुझा न इंग्रजीतून आला, कारण तिथे ण वेगळा धरतच नाहीत. मावशींचा न त्यांच्या बोलीतला आहे. कोळी, आगरी, खानदेशी, वऱ्हाडी बोलणारी कितीतरी घरं ‘आनि, पानी, लोनी’ म्हणतात. तुझा न ऐकून आजीला लंडन दिसतं. मावशींचा न ऐकून दादाला गाव, जात आणि हातातलं काम दिसतं, आणि हसू त्याचं येतं. तुमच्याकडे लंडनला नाही का, ‘वॉटर’मधला ट गिळणाऱ्याचा पत्ता लोक मनातल्या मनात लिहून टाकतात!

दादा म्हणेल, ण शुद्ध आहे. इथे गंमत आहे. संस्कृतात पाण्याला ‘पानीय’ म्हणतात, न आहे. लोण्याला ‘नवनीत’, तिथेही न. प्राकृतात दोन स्वरांमधल्या न चा ण झाला, तोच आपल्या पाण्या-लोण्यात उरला. उलट ‘कर्ण’चा कान, ‘पर्ण’चं पान, ‘सुवर्ण’चं सोनं झालं. मूळचा ण गेला, तरी त्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही. मग ‘पाणी’ प्रमाण कसं ठरलं? इंग्रजी अमदानीत कोश (मोल्सवर्थचा 1831 चा) आणि शाळेची पुस्तकं तयार होऊ लागली, तेव्हा पुण्याकडच्या शिकलेल्या, मुख्यतः ब्राह्मण घरांचं बोलणं नमुना मानलं गेलं. राजधानी जळगावला असती तर आज ‘पाणी’ म्हणणाऱ्याला हसले असते. त्याच जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेत बियाणं ‘बियानं’ होतं, आणि ते वाचून सगळे वाहवा करतात. कवितेत चालतं, मोरीपाशी चालत नाही.

तरी तू ण शीक. लिहिताना लागतो, आणि अर्थही बदलतो : मन म्हणजे तुझं मन, मण म्हणजे चाळीस शेर, तन म्हणजे शरीर, तण म्हणजे पिकात उगवलेलं नको ते गवत.

न म्हणताना जीभ वरच्या दातांमागे टेकते. ण साठी टोक वर वळवून त्याच्या मागे, टाळूला टेकव, आवाज नाकातून सोड आणि जीभ झटकन पुढे आण. जमत नसेल तर ‘ट ठ ड ढ’ म्हण आणि जीभ तिथेच ठेवून ण वर जा. जीभ वळली पण टेकली नाही तर ‘पार्नी’ निघतं. इंग्रजी शाळेतल्या मुलांचं हमखास हेच होतं. सोपी खूण : मराठी शब्दाच्या सुरुवातीला ण येत नाही, तिथे बिनधास्त न म्हण. मधल्या-शेवटच्या जागांना मात्र नियम नाही, शब्द पाठच होतात. म्हणून तर शाळेत मुलं विचारतात, ‘बाई, बाणातला ण की नळातला न?’

हसण्याला घाबरलेल्या माणसाचं काय होतं तेही ऐकून ठेव. तो न दिसेल तिथे ण घालतो. माइकवर उभा राहून ‘अभिनंदण’ म्हणतो, आणि पुन्हा हशा. खरं तर त्यानं नियम फार मनापासून पाळलेला असतो. जो ‘पानी’ म्हणून मोकळा होतो त्याची इतकी फजिती होत नाही.

मावशींना सुधारू नकोस. त्यांच्याशी बोलताना मुद्दाम ‘पानी’ही म्हणू नकोस, ते नक्कल केल्यासारखं लागतं. तुझ्या जिभेवर येईल तसं बोल.

दादा पुन्हा हसला तर एवढंच विचार : दादा, तुझ्या कानातला ण कुठे गेला रे?

तुझी,
आई