नॉर्वेतली मुलं वाक्याच्या शेवटी ‘आस्स’ म्हणतात, ती शिवी आहे का?

शिवी नाही. अजिबात नाही. मूळ शब्द ‘आल्टसो’, बोलताना झिजून ‘आस्स’ झाला. लिहितात मात्र ए-एस-एस, म्हणजे त्या इंग्रजी शब्दाचीच अक्षरं, आणि तिथेच आमच्या घरात ठिणगी पडली.

आम्ही ओस्लोत राहतो. लेक तेव्हा तेरा वर्षांची. हँडबॉलच्या सरावाहून यायला उशीर झाला म्हणून तिने बाबाला मेसेज केला, ‘सॉरी आस्स, बस चुकली.’ यांनी ती अक्षरं इंग्रजीत वाचली. पोरगी दारात बूट काढत होती, एक पाय अजून बुटातच, बर्फाचं पाणी फरशीवर ठिबकतंय, आणि हे ओरडले, ‘बापाला शिवी देतेस?’ घाबरून ती पुन्हा तेच म्हणाली, ‘सॉरी आस्स, बाबा!’ झालं. फोन आठवडाभर कपाटात. मी सांगत होते, अहो, ती मनापासून माफी मागतेय. ऐकतंय कोण!

‘आल्ट’ म्हणजे सगळं, ‘सो’ म्हणजे असं. जर्मन ‘आल्झो’चं हे भावंड. ‘आल्टसो’ वाक्याच्या मध्ये आला की ‘म्हणजे’ किंवा ‘तेव्हा’. शेवटी आला की नुसता जोर, आपल्या ‘बरं का’सारखा. ‘आस्स’कडे हे शेवटचंच काम आलं. ‘डिग आस्स’ म्हणजे काय मस्त लागतंय! ‘ओर्कर इके आस्स’ म्हणजे नाही गं होत आता, खरंच. ‘लिक्सोम’ म्हणजे जणू, त्याचं ‘लिस्सम’ आणि ‘सेरिओस्त’ म्हणजे खरंच, त्याचं ‘सेर्र’ही असंच झालं.

यांचं म्हणणं, मराठी घरात असली तोडकी भाषा नको. अहो, तुम्ही स्वतः फोनवर ‘कुठेयस?’ विचारता. ‘कुठे आहेस’ असं सुटं सुटं कोण बोलतं? बोली झिजते ती वापरून, बिघडून नव्हे. हे मी यांना तेव्हाही सांगितलं, आजही सांगते.

हां, नोकरीच्या अर्जात किंवा शाळेच्या निबंधात ‘आस्स’ लिहू नये, तिथे पूर्ण ‘आल्टसो’च. आणि तिथल्या मुलांना इंग्रजी शिवीही येते, तेव्हा अख्खं वाक्य इंग्रजीत असेल तर कान टवकारा. पण तुमच्या मुलाने ‘सॉरी आस्स’ म्हटलं तर ती माफी घ्या. आमची लेक आता बाबाला नुसतं ‘सॉरी’ लिहिते, पुढे पूर्णविराम.